व्हर्शवर काही महिने: बाकी ठीक, पण जागा खातंय

व्हर्श म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात चालणारे आभासी संगणक) टाइप केलेल्या आज्ञांनी सांभाळायचं साधन. एकदा होस्टची, म्हणजे या मशीन ज्यावर चालतात त्या खऱ्या संगणकाची, डिस्क काठोकाठ भरली आणि मशीन एकामागोमाग गप्प झाल्या. एसएसएच (दुरून लॉगिन) लागेना, पिंगला उत्तर येईना. 'व्हर्श लिस्ट'मध्ये सगळ्यांपुढे 'पॉज्ड'. 'व्हर्श डॉमस्टेट --रीझन'ने कारण सांगितलं: आय/ओ एरर. आता रात्रभर फाइल सिस्टीम दुरुस्त करत बसायचं, असं धरूनच चाललो होतो. पडून असलेल्या आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रती) उडवून जागा केली, 'व्हर्श रिझ्यूम' दिलं आणि मशीन थांबली होती तिथूनच पुढे सुरू. गेस्टचं, म्हणजे आतल्या आभासी मशीनचं, घड्याळ तेवढं मागे राहिलं होतं, डेटाबेसला ओरखडाही नाही. लिहायला जागा उरली नाही तर केमू (या मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) गेस्टला एरर देत नाही, गेस्टलाच थांबवून ठेवतो. ही डीफॉल्ट वागणूक ज्याने ठरवली त्याला दंडवत.

पण मुळात डिस्क भरली कशाने? माझं सगळं भांडण इथेच आहे.

क्यूकाऊ२ (गरजेप्रमाणे वाढणाऱ्या) फॉरमॅटची ४० जीबीची आभासी डिस्क बनवली की सुरुवातीला होस्टवर तिची फाइल असते २०० केबीच्या आसपास. बघून जीव सुखावतो. मग आत लॉग साठतात, अपडेट होतात, कंटेनरच्या इमेज उतरतात आणि फाइल वाढत जाते. आतलं सगळं डिलीट करा, बाहेर ती तसूभरही कमी होत नाही. गेस्टमध्ये 'डीएफ' वापरलेली जागा १२ जीबी दाखवतो, होस्टवर 'डीयू' त्याच डिस्कच्या फाइलचे ३१. यावर मिळणारा सल्ला ठरलेला: मोठी एसएसडी घ्या. रिकाम्या ब्लॉकना राहायला जागा म्हणून मी पैसे मोजू?

इथवर लिहून मी दोन तारे देणार होतो. मग 'व्हर्श एडिट'ने मशीनची सेटिंग फाइल (एक्सएमएल) उघडून डिस्कच्या ड्रायव्हर ओळीत 'डिस्कार्ड' हा गुणधर्म 'अनमॅप' केला, म्हणजे आत मोकळे झालेले ब्लॉक होस्टला परत मिळावेत, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली (आतून रीबूट पुरत नाही, केमूची प्रोसेस नवी लागते) आणि गेस्टमध्ये रिकामे ब्लॉक कळवणारं 'एफएसट्रिम -एव्ही' चालवलं. 'डीयू'चा आकडा डोळ्यांदेखत खाली आला. जुन्या लेखांत यासाठी व्हर्टआयओ-स्कझी हा वेगळा आभासी डिस्क कंट्रोलर लावायला सांगतात. केमू ४.० पासून त्याची गरज नाही, साध्या व्हर्टआयओ डिस्कलाही चालतं. आता गेस्टमधला एफएसट्रिमचा टायमर आठवड्याला हे आपसूक करतो.

हल्लीच्या व्हर्ट-इन्स्टॉलने (नवी मशीन बनवायच्या आज्ञेने) काढलेल्या नव्या मशीनच्या एक्सएमएलमध्ये ही ओळ आधीच आलेली दिसली. म्हणजे रोग जुन्या मशीनचाच, आणि जुन्यांना कोणी सांगायला येत नाही. एक इशारा दिला असता तर काय बिघडलं असतं?

बाकीचं थोडक्यात. सुडोशिवाय (प्रशासकाच्या अधिकाराशिवाय) 'व्हर्श लिस्ट' दिलं की यादी रिकामी दिसते, कारण साधा युझर त्याच्या स्वतःच्या 'सेशन'ला जोडला जातो आणि मशीन असतात संगणकभराच्या 'सिस्टीम'वर. 'लिबव्हर्ट_डीफॉल्ट_यूआरआय' या व्हेरिएबलला एकदा शेलमध्ये 'सिस्टीम'चा पत्ता दिला की कटकट मिटते. मशीनच्या कन्सोलमधून बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. 'व्हर्श शटडाउन' फक्त निरोप देतं आणि लगेच परततं, मशीन बंद व्हायची वाट बघत नाही. त्यामुळे बॅकअप स्क्रिप्टमध्ये पुढच्याच ओळीला कॉपी लावू नका, 'डॉमस्टेट' तपासत थांबा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला मात्र हे साधन सोन्यासारखं: ऑटोस्टार्ट, डिस्कचा क्लोन, आयपी शोधणं, सगळं एकेका ओळीत. माऊसवाल्या खिडक्यांकडे मी परत जाणार नाही.

जागेचे आणखी दोन चोर आहेत. 'व्हर्श अनडिफाइन' मशीनची नोंद पुसतं, डिस्कची फाइल नाही. '--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज' जोडलं नाही तर इमेजच्या फोल्डरमध्ये बेवारस फाइल साचतात. माझ्याकडे तर अशा मशीनच्या निघाल्या ज्यांची नावंही आठवत नव्हती. दुसरा चोर अंतर्गत स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या फाइलमध्येच जपून ठेवलेली त्या क्षणाची स्थिती. त्याने धरून ठेवलेले ब्लॉक कितीही ट्रिम करा, सुटत नाहीत. अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट घ्यावाच, पण अपग्रेड नीट झालं की 'स्नॅपशॉट-डिलीट'. मी आता चार तारे देतोय. पाचवा त्या न दिलेल्या इशाऱ्यापायी कापला आहे.