स्कॉटलंडमधली गोल्फ-सुट्टी: सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, नॉर्थ बेरिक की डॉर्नॉक?

सात-आठ दिवसांची रजा, चार-पाच राउंडचं (एक राउंड म्हणजे अठरा होल) बजेट आणि स्कॉटलंडचं तिकीट इथपर्यंत ठरलं की मुक्काम कुठे टाकायचा यावर गाडी अडते. चार नावं हमखास पुढे येतात: सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, कार्नूस्टीचा चॅम्पियनशिप कोर्स, नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्स आणि वर हायलँडमधला रॉयल डॉर्नॉक. चारही समुद्रकाठचे, जुने आणि कठीण. पण कठीणपणा प्रत्येकाचा निराळा आहे. तुम्हाला कुठला झेपेल आणि कुठे मजा येईल, हे हँडिकॅपच्या (खेळाचा दर्जा सांगणाऱ्या, कमी तितका चांगला) आकड्याइतकंच तुमचा चेंडू कुठल्या बाजूला वळतो आणि किती उंच जातो यावर ठरतं.

आधी जमिनीचं बोलू, कारण पुण्या-मुंबईच्या खेळाडूचा पहिला राउंड तिथेच बिघडतो. आपल्याकडे फेअरवेवर (पहिला फटका मारायची जागा ‘टी’ आणि भोक असलेलं आखूड गवत ‘ग्रीन’, या दोहोंमधला कापलेला पट्टा) चेंडू गवतावर जरा उचललेला असतो, खालची माती मऊ असते आणि दोन्ही बाजूंना झाडं असतात. लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या अशा उघड्या कोर्सवर, खाली वाळू, वर फेस्क्यूचं बारीक, आखूड गवत, आणि चेंडू जवळजवळ जमिनीलाच टेकलेला. जास्त बाउन्सचा (क्लबच्या तळाच्या फुगवट्याचा कोन), म्हणजे १२ अंशांच्या आसपासचा वेज (जवळून उंच मारायचा क्लब) इथे आपटून वर उसळतो, त्याची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. एक तरी वेज ६ ते ८ अंश बाउन्सचा न्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे ग्रीनच्या बाहेरूनही पटर (चेंडू जमिनीवरून लोटायचा क्लब) वापरायचा, अगदी २५-३० यार्डांवरूनसुद्धा. तिथले लोक सर्रास तेच करतात.

वाऱ्याचा ढोबळ हिशेब असा: समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दर ताशी १० मैलांना एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब पल्ल्याचा. चूक होते ती जोर लावण्यात. जोरात मारलं की चेंडूला फिरकी जास्त लागते, तो फुग्यासारखा वर चढतो आणि तिथेच पडतो. क्लब दोन पायऱ्या लांब पल्ल्याचा घ्या (म्हणजे ७ च्या जागी ५), पकड इंचभर खाली घ्या, चेंडू उजव्या पायाकडे एक चेंडूभर सरकवा आणि पाऊण स्विंग करा. निघायच्या आधी महिनाभर रेंजवर एवढा एकच फटका घोटला तरी चारही कोर्सवर उपयोगी पडेल.

ओल्ड कोर्स: उजवीकडे जाऊ नका

ओल्ड कोर्सकडे पहिल्यांदा पाहिलं की मैदान सपाट वाटतं आणि प्रश्न पडतो, यात एवढं काय आहे? पहिला आणि अठरावा होल मिळून एकच अवाढव्य फेअरवे आहे. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे जातानाचा एक होल आणि परतीचा एक होल एकाच ग्रीनवर संपतात, आणि त्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी १८ येते. पार (अपेक्षित फटक्यांची संख्या) ७२, पण पार-३ फक्त दोन (आठवा आणि अकरावा) आणि पार-५ ही दोनच (पाचवा आणि चौदावा). जोडग्रीन इतक्या मोठ्या आहेत की दुसरा फटका ग्रीनवर बसूनही ३० यार्डांचा पट उरतो. आपल्याकडे इतक्या लांबून पट करायची सवय कुणालाच नसते, त्यामुळे तीन-तीन पट होतात आणि स्कोअर तिथेच वाढतो.

११२ बंकर (वाळूचे खड्डे) आहेत आणि बरेचसे टीवरून दिसतच नाहीत. चौदाव्यावरचा हेल बंकर साधारण दहा फूट खोल आहे. पण सगळ्यांत जास्त पोळणारा म्हणजे सतराव्या, ‘रोड होल’च्या ग्रीनला डावीकडून खेटलेला लहानसा रोड बंकर. १९७८ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन स्पर्धेत) जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर होता. तिथून त्याने पट मारला, तो उतारावरून या बंकरात घरंगळला आणि होलवर ९ लागले. आत उभं राहिलं की समोर गवताच्या चौकोनी ढेकळांचे थर एकावर एक रचलेली, जवळजवळ सरळ उभी भिंत दिसते. चेंडू त्या भिंतीला चिकटला असेल तर पुढे मारायचा हट्ट सोडा. मागे किंवा बाजूला काढा, नाहीतर खेळण्यायोग्य नाही म्हणून एक दंडाचा फटका घेऊन बंकरातच ड्रॉप करा, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडा. २०१९ पासूनच्या नियमांत दोन फटके दंड भरून बंकराबाहेर, मागच्या रेषेवर ड्रॉप करायचीही मुभा आहे.

कोर्सची गुरुकिल्ली एकच: शंका आली तर डावीकडे. उजवीकडे जाताना गॉर्सची काटेरी झुडपं, परतीला बऱ्याच ठिकाणी हद्दीबाहेर. डावीकडे शेजारच्या होलचं फेअरवे असल्यामुळे जागा भरपूर. फक्त तिथून ग्रीनकडे जायचा कोन वाईट मिळतो, त्यामुळे बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) पक्का आणि पार अवघड. म्हणून उजव्या हाताने खेळून स्लाइस करणाऱ्याला (ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो) हा कोर्स छळतो, आणि चेंडू डावीकडे ओढणाऱ्याला माफ करतो.

निसर्गाच्या दृष्टीने ओल्ड कोर्स चौघांत वरचा नाही. समुद्र जवळ असूनही खेळताना फारसा दिसत नाही. इथलं दृश्य म्हणजे शेवटचे दोन होल: स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल, मागे क्लबहाउस आणि थेट गावात शिरणारा अठरावा. त्यासाठी हजारो मैलांवरून लोक येतात आणि ते योग्यच आहे.

टी-टाइम, म्हणजे खेळायची वेळ मिळवणं, मात्र डोकेदुखी. वेळ आधीच्या वर्षी मागून ठेवता येते, किंवा अधिकृत टूर कंपनीचं महागडं पॅकेज घ्यावं लागतं. बाकीच्यांसाठी बॅलट, म्हणजे सोडत: खेळायच्या दोन दिवस आधी किमान दोन जणांची नावं द्यायची आणि त्याच दिवशी निकाल कळतो. एकट्याने गेलेल्यांसाठी आदल्या दिवशीची वेगळी सोडत असते. रविवारी ओल्ड कोर्स खेळायला बंद. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवर फिरायला येतात. म्हणजे शुक्रवार ते रविवार असा मुक्काम टाकला तर संधी जवळपास संपलीच. सेंट अँड्र्यूजला जायचंच असेल तर सोमवार ते गुरुवार राहा आणि रोज बॅलट टाका. नाव निघालं नाही तर १८९५ चा न्यू कोर्स आणि १८९७ चा ज्युबिली शेजारीच आहेत, आणि न्यू कोर्स खेळ म्हणून कुठेही कमी नाही. सोबत न खेळणारी मंडळी असतील तर त्यांना ‘हिमालयाज’ या उंचसखल पटिंग ग्रीनवर न्या. १८६७ पासूनच्या महिला पटिंग क्लबचं ते मैदान आहे आणि पाहुण्यांनाही खेळू देतात.

कार्नूस्टी: परीक्षा हवी असेल तरच

कार्नूस्टीत मन रमवायला निसर्ग शोधू नका. सपाट जमीन, शेजारून रेल्वेलाइन, समुद्र झाकलेला. पण ज्याला आपला खेळ खरंच कितपत आहे हे बघायचंय, त्याच्यासाठी याहून प्रामाणिक कोर्स नाही. बाकीचे तीन कोर्स साधारण जाऊन परत येण्याच्या धाटणीचे, म्हणजे वारा अर्धा वेळ समोरून आणि अर्धा वेळ पाठीमागून. कार्नूस्टीत सलग दोनपेक्षा जास्त होल एकाच दिशेला जात नाहीत, त्यामुळे हात बसायच्या आत वारा दुसऱ्या बाजूने येतो.

सहावा होल ‘होगन्स अ‍ॅली’: डावीकडे हद्दीचं कुंपण, मध्ये बंकर, आणि १९५३ साली बेन होगनने दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून ड्राइव्ह मारला होता. तुम्ही तो मोह टाळा आणि बंकरांच्या अलीकडे थांबा. शेवटच्या दोन होलवर बॅरी बर्न हा ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. १९९९ च्या ओपनमध्ये जाँ व्हान दे वेल्द अठराव्यावर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला, ७ मारून प्ले-ऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा होलमध्ये) ढकलला गेला आणि पॉल लॉरी जिंकला. प्ले-ऑफला गेलेल्या तिघांचा स्कोअर पारपेक्षा ६ जास्त होता, यावरून त्या आठवड्यातल्या कोर्सची कल्पना यावी. अठराव्यावर दुसरा फटका ओढ्याच्या अलीकडे ठेवून तिसरा वेजने पलीकडे टाकणं यात कमीपणा काही नाही.

हँडिकॅप १५ च्या वर असेल आणि जोराचा वारा असेल, तर इथला दिवस चेंडू शोधण्यात जातो. पुढच्या टीवरून खेळलात तर मात्र कोर्स खूप मोकळा वाटतो. मागच्या टीवर जाण्याचा आग्रह धरणारा मित्र गटात असेल तर हे विमानातच ठरवून टाका.

नॉर्थ बेरिक: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी आमची पसंती

वेस्ट लिंक्स फार लांब नाही आणि त्यावर कधी ओपनही झालेली नाही. पण चौघांत खेळायला सगळ्यांत मजेदार हाच. पहिल्या होलपासून समुद्र अगदी लगत. दुसऱ्यावर उजवीकडे गेलेला चेंडू सरळ पुळणीत. समोर बास रॉक, गॅनेट पक्ष्यांनी उन्हाळ्यात पांढराफटक झालेला.

तेराव्या ‘पिट’वर फेअरवे आणि ग्रीनच्या मध्ये बुटकी दगडी भिंत आहे. दुसरा फटका कमी पडून भिंतीजवळ थांबला तर ग्रीन चार पावलांवर असूनही मारता येत नाही, बाजूला किंवा मागे काढावा लागतो. म्हणून इथे नेहमी एक क्लब जास्त. सोळाव्याचं ग्रीन मधल्या खोल घळीने दोन तुकड्यांत विभागलंय. चुकीच्या तुकड्यावर बसलात तर चेंडू घळीत उतरवून पुन्हा चढवायचा.

आणि पंधरावा, ‘रेडॅन’. साधारण १९० यार्डांचा पार-३, ज्याच्या नकला जगभर झाल्या. ग्रीन तिरकं आहे आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरतं. डावीकडे पुढे खोल बंकर. झेंड्याकडे सरळ मारलेला चेंडू एकतर त्या बंकरात, नाहीतर मागे निघून जातो. झेंड्याच्या बरंच उजवीकडे, ग्रीनच्या पुढच्या खांद्यावर चेंडू टाकायचा. तो पडतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, मग उतार पकडून डावीकडे वळत सावकाश झेंड्याकडे निघतो. टीवरून ग्रीनचा बराच भाग दिसत नाही, त्यामुळे कुठे थांबला हे वर चढून गेल्यावरच कळतं. लिंक्स जमिनीवरून खेळतात म्हणजे काय, हे या एका फटक्यात समजतं.

एडिनबरोहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात गावात पोचता, स्टेशनवरून कोर्स चालत. गाडी चालवायची नसेल तर हाच तळ सोयीचा. गलन गावाचे तीन कोर्स जवळच आहेत, त्यामुळे एकाच खोलीत राहून चार दिवस वेगवेगळं खेळता येतं.

डॉर्नॉक: लांब, पण निसर्ग इथेच

इन्व्हरनेसहून गाडीने तासभर उत्तरेला. गावात रेल्वे नाही. एडिनबरोहून एका दिवसात जाऊन-येऊन खेळायचा विचारही करू नका. किमान दोन रात्री हव्यात. मे महिन्यात गॉर्स फुलतो तेव्हा टेकडीची सगळी कड हळदीसारखी पिवळी होते, खाली वाळूची लांब पुळण, पलीकडे खाडी. पहिले आठ होल वरच्या अंगाने जातात आणि परतीचे समुद्राला धरून येतात.

इथली अडचण बंकरांपेक्षा ग्रीनची आहे. पालथ्या बशीसारखी, चहूबाजूंनी उतरणारी. कडेला पडलेला चेंडू घरंगळून पाच-दहा यार्ड खाली जातो आणि तिथून पुन्हा वर चढवायचा. कोर्स रचणारा डोनाल्ड रॉस याच गावात जन्मला, आणि अमेरिकेत त्याने बांधलेल्या पाइनहर्स्ट नंबर २ च्या ग्रीनमध्ये ही सावली दिसते. चौदाव्या ‘फॉक्सी’वर एकही बंकर नाही, तरी पार मिळणं मुश्कील. ज्याची चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके) चांगली आहे, त्याने बिनधास्त यावं. ज्याचा ड्राइव्हर वाकडा आहे त्याने काटेरी झुडपांची धास्ती ठेवावी. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, म्हणून शंका येताच प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा चेंडू) मारून ठेवा.

तर कसं ठरवायचं

चार-पाच दिवसच असतील, तर नॉर्थ बेरिकला तळ. सेंट अँड्र्यूज टाळणं जिवावर येत असेल तर त्यातल्या दोन रात्री तिकडे: एडिनबरोहून लूकर्सपर्यंत साधारण तासभर रेल्वे, पुढे बस. आठ दिवस असतील तर सेंट अँड्र्यूजला चार रात्री, त्यात एक दिवस कार्नूस्टी (टे नदीचा पूल ओलांडून गाडीने पाऊण तास), मग दोन रात्री डॉर्नॉक. चारही कोर्स एका आठवड्यात कोंबू नका. लिंक्सवर बॅग घेऊन चालायचं असतं, कार्ट बहुतेक ठिकाणी फक्त वैद्यकीय कारणासाठी, आणि सलग पाचव्या दिवशी पाय बोलू लागतात.

खर्चात फार फरक नाही: उन्हाळ्यात एका राउंडला चारही ठिकाणी दोनशे पौंडांच्या वर, ओल्ड कोर्सला तीनशेच्या वर. कॅडीची (बॅग उचलून सल्ला देणाऱ्या मदतनिसाची) फी वेगळी, त्यावर टिप, आणि ती रोख द्यायची असते. ओल्ड कोर्स आणि नॉर्थ बेरिकवर कॅडी घ्याच, कारण आंधळे फटके तिथे जास्त. पैसे वाचवायचे असतील तर कार्नूस्टीला वाचवा. तिथे संकट समोर दिसतं. हँडिकॅप प्रमाणपत्राची प्रत फोनमध्ये ठेवा.

काळ मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. आपल्याकडे पावसाने फेअरवे चिखलात जायच्या सुमाराला तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, संध्याकाळी पाचला सुरू केलेला राउंडही पुरा होतो. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून ‘हार’ नावाचं धुकं येतं, विशेषतः पूर्वेचा वारा असताना. सकाळी झेंडा दिसत नाही आणि दुपारी लख्ख ऊन. त्यामुळे ज्या कोर्ससाठी जीव तुटतोय त्याची वेळ दुपारची मागा, आणि पावसाळी हातमोज्यांच्या दोन जोड्या बॅगेत असू द्या. ओल्या पकडीवर साधा हातमोजा घसरतो, हे हातमोजे उलट भिजल्यावरच घट्ट धरतात.