गिरडची तसबीह: माल चांगला, पण मणी मोजून घ्यावेत

वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे बाबा फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीकडे जाताना चादरी, अत्तर आणि माळांची जी दुकाने लागतात, त्यांपैकी एका दुकानातून मी शेजारच्या चाचींसाठी ९९ मण्यांची तसबीह, म्हणजे मुस्लिमांची जपमाळ, ८० रुपयांना घेतली. मणी प्लॅस्टिकचे, अंधारात हिरवट चमकणारे आहेत. दर ३३ मण्यांनंतर एक चपटा मणी आहे, आणि टोकाच्या लांबट मण्याला ‘इमाम’ म्हणतात. जपमाळेतला मेरुमणी तो हाच.

दुकानदार जाणकार निघाले. ‘‘भाऊ, मणी म्हणजे तसबीह नव्हे, म्हणणं म्हणजे तसबीह,’’ असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. अरबीत ‘तसबीह’ हे क्रियेचे नाव आहे: ईश्वर सर्व उणिवांपासून मुक्त आहे असे उच्चारणे. ‘सुभानल्लाह’ त्याच धातूतून आले. माळेला अरबीत ‘मिसबहा’ किंवा ‘सुबहा’ म्हणतात. उर्दूत आणि आपल्याकडे मात्र क्रियेचे नाव वस्तूला चिकटले, जसे आपण ओवाळण्याला, त्या वेळच्या गाण्याला आणि ‘आरती आण’ म्हणताना तबकालाही आरतीच म्हणतो. या धातूचा दुसरा अर्थ पोहणे असा असून कुराणाच्या ३६व्या सूरेत (अध्यायात) सूर्य-चंद्र आपापल्या कक्षेत ‘पोहतात’, तिथे हेच क्रियापद आहे. जुने कोशकार पोहत दूर जाण्यावरून ईश्वराला दोषांपासून दूर मानण्याचा अर्थ लावतात. काही आधुनिक अभ्यासकांच्या मते मात्र स्तुतीचा अर्थ अरामी या अरबीच्या नात्यातल्या प्राचीन भाषेतून आला. मला पहिली व्युत्पत्ती अधिक देखणी वाटते, दुसरी अधिक पटते.

आता तक्रार. नमाजानंतर सुभानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा आणि अल्लाहु अकबर ३४ वेळा म्हणण्याची रीत असल्याने मण्यांची संख्या ही या वस्तूची शोभा नसून तिचे कामच आहे. पहिल्याच संध्याकाळी चाचींचे बोट चपट्या मण्यावर एक मणी आधीच येऊन थांबले. मोजले तर मधल्या भागात ३२च मणी होते. पुढच्या आठवड्यात दुकानदारांनी वाद न घालता माळ बदलून दिली, पण एसटीचे भाडे दोनदा पडले. नव्या माळेचा दोरा जाड असल्यामुळे मणी सहज सरकत नाहीत, त्यामुळे थोडे पैसे जास्त गेले तरी तिथलीच लाकडी मण्यांची माळ घ्यावी, आणि ती काउंटरवरच मोजावी.