ग्रीसच्या क्रूझचा व्हिसा आणि आमच्या नावाने खपवलेली खोटी कागदपत्रे

व्हिसाच्या नावाखाली फसवणूक म्हटली की पैसे घेऊन पसार झालेला एजंट डोळ्यांसमोर येतो. आमचा एजंट पसार झाला नाही. त्याचे कार्यालय आजही रोज उघडते, फोन केला तर उचलला जातो आणि समोर गेलेल्या माणसाला चहाही विचारला जातो. त्याने आमच्याकडून जादा उकळलेल्या पैशांचे दुःख आहेच. परंतु त्याहून मोठे नुकसान त्याने आमच्या नावाने परदेशी वकिलातीपुढे खोटी कागदपत्रे ठेवून केले, आणि तसे करताना स्वतः पूर्णपणे नामानिराळा राहिला. ज्येष्ठ नागरिकांना क्रूझचे वेध लागलेले असताना असे एजंट नेमके त्यांच्याच सोसायट्यांमध्ये फिरतात, म्हणून हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात मी, माझी पत्नी, मेहुणी आणि साडू असे चौघे ग्रीसच्या बेटांवरच्या चार रात्रींच्या क्रूझला जाणार होतो. जहाज अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुटून मिकोनोस, तुर्कस्तानातील कुशादासी, पॅटमॉस, ऱ्होड्स, क्रीट आणि सँटोरिनी असे फिरून पुन्हा पिरेयसला येते. त्याआधी दोन दिवस अथेन्समध्ये मुक्काम होता. क्रूझचे आरक्षण आम्ही थेट केले होते आणि त्यात काहीही खोट नव्हती. व्हिसाचे काम मात्र ठाण्यातील एका एजंटाकडे दिले. त्याने माणशी ३८,००० रुपयांचा आकडा सांगितला : व्हिसाचे आणि अर्ज केंद्राचे शुल्क १२,०००, ‘प्रीमियम अपॉइंटमेंट’चे १२,०००, ‘डॉक्युमेंटेशन’चे ६,०००, प्रवास विम्याचे ३,००० आणि तुर्कस्तानच्या व्हिसाचे ५,०००. पैसे एका वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले गेले आणि हाती आली ती कच्ची पावती, ज्यावर जीएसटी क्रमांक तर नव्हताच, पण ‘व्हिसा सर्व्हिस’ याखेरीज कशाचे पैसे हेही लिहिलेले नव्हते.

या आकड्यांकडे आता पाहिले की त्यातला बनाव स्पष्ट दिसतो. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे ग्रीससह युरोपातील अनेक देशांसाठी एकच असलेल्या व्हिसाचे, शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे; म्हणजे प्रौढाचे त्या वेळच्या दराने आठ हजारांच्या आसपास झाले. त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क असते. ती एक बाब थोडी फुगवलेली होती, एवढेच म्हणता येईल. अपॉइंटमेंटची गोष्ट मात्र वेगळी आहे. केंद्रात अर्ज देण्याची साधी वेळ संकेतस्थळावर कोणालाही स्वतः घेता येते आणि त्या वेळेची म्हणून वेगळी किंमत नसते. एजंट अशा वेळा घाऊक अडवून ठेवतात, मग ‘स्लॉटच नाहीत’ अशी हाकाटी होते आणि त्याच वेळा दहा-बारा हजारांना विकल्या जातात. रेल्वेच्या तिकिटांचा काळाबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तुर्कस्तानच्या व्हिसाबाबत तर त्याने कहर केला. भारतीय पासपोर्टधारकाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळण्यासाठी त्याच्याकडे शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांचा वैध व्हिसा अथवा वास्तव्याचा परवाना असावा लागतो. आमच्यापैकी कोणाकडेही त्यातले काहीच नव्हते आणि शेंगेनचा अर्ज अजून केंद्राची पायरीही चढला नव्हता. तरीही एके दिवशी व्हॉट्सॲपवर चौघांचे तुर्कस्तानचे ई-व्हिसा ‘मंजूर’ होऊन आले. ते कागद एकतर बनावट होते, किंवा अर्ज भरताना आमच्याकडे वैध शेंगेन व्हिसा असल्याची धडधडीत खोटी नोंद केलेली होती. तिसरी शक्यता नाही. त्यातही क्रूझने येऊन बंदराच्या शहरात किंवा आसपास फिरून ७२ तासांच्या आत परतणाऱ्या प्रवाशांना स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीने व्हिसाविना उतरू देण्याची तरतूद तुर्कस्तानच्या नियमांत आहे. म्हणजे कदाचित लागणारही नव्हता असा व्हिसा, मिळूच शकत नव्हता अशा वेळी, पाच हजारांना आमच्या गळ्यात मारण्यात आला.

साडू नाशिकचे. त्यांची आणि मेहुणीची अपॉइंटमेंट आमच्या आधीच्या आठवड्यात होती. पहाटेच्या गाडीने मुंबई गाठून ते केंद्रावर पोहोचले, तेव्हा प्रवेशद्वाराबाहेर एजंटाचा मुलगा बंद पाकिटे घेऊन उभा होता. ‘काका, उघडू नका, सगळं क्रमाने लावलंय, काउंटरवर तसंच द्या,’ असे त्याने बजावले. आत रांग होती, नावाचा पुकारा झाला, पाकिटे काउंटरवर गेली, बोटांचे ठसे झाले आणि ते परत निघाले. आमच्या वेळी तोच मुलगा त्याच जागी, तशीच पाकिटे घेऊन उभा होता. केंद्रात शिरायला अद्याप अवधी होता, म्हणून पत्नीने पाकीट उघडले.

सर्वांत वर आमच्या नावाचे विनंतीपत्र होते. त्यात आम्ही पती-पत्नी मध्य युरोपातील एका देशात आठ रात्रींच्या सहलीसाठी जात असून तेथील संग्रहालये पाहण्याची आमची फार दिवसांची इच्छा आहे, असे लिहिले होते. खाली माझी सही होती. ती माझी नव्हती. सहीतल्या ‘र’ला मी कधीही न देणारा एक झोकदार वळसा दिलेला होता. मागे त्या देशातील दोन हॉटेलांची आरक्षणे होती. त्यांतल्या एकात मुक्कामाची सुरुवात १२ तारखेला आणि मुंबईहून निघणाऱ्या विमानाचे तिकीट १३ तारखेचे होते. विमा पॉलिसीवरचा चौकोनी कोड मोबाइलने वाचला असता काहीच उघडले नाही. क्रूझचा उल्लेख संपूर्ण फाइलमध्ये कुठेही नव्हता, ग्रीसचाही नव्हता. अर्जात प्रवेशांच्या संख्येपुढे ‘एकदाच’ अशी खूण होती.

ही शेवटची खूण वरवर किरकोळ वाटते, पण क्रूझच्या प्रवाशासाठी ती सर्वांत घातक आहे. जहाज मिकोनोसहून कुशादासीला गेले की प्रवासी शेंगेन क्षेत्राबाहेर पडतो आणि पॅटमॉसला पोहोचताना पुन्हा आत शिरतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर दुसरा प्रवेश शक्य नाही. आणि क्रूझ कंपन्या हे आधीच तपासतात, त्यामुळे अशा प्रवाशाला पिरेयसच्या धक्क्यावरच थांबवले जाते. म्हणजे खोटी कागदपत्रे वकिलातीच्या नजरेतून सुटली असती आणि व्हिसा मिळाला असता, तरीसुद्धा आमची क्रूझ बुडालीच असती.

मी तेथूनच एजंटाला फोन केला. त्याचा आवाज जराही हलला नाही. ‘काका, ग्रीसचे स्लॉट नाहीत. शेंगेन सगळं एकच आहे, एकदा आत शिरलात की कोण विचारतंय? सगळे असंच करतात.’ शेंगेन क्षेत्र एक असले तरी अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम ठरलेला आहे : ज्या देशात मुख्य मुक्काम किंवा प्रवासाचे मुख्य प्रयोजन आहे त्या देशाकडे, आणि तसे ठरवता येत नसेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार आहे त्याच्याकडे. आमचे अथेन्सचे दिवस धरता उत्तर ग्रीस हेच होते, त्यात दुमताला जागाच नव्हती. शिवाय अर्जाच्या अखेरीस अर्जदाराचे एक निवेदन असते : खोटी माहिती दिल्यास अर्ज नाकारला जाईल, दिलेला व्हिसा रद्द होऊ शकेल आणि संबंधित देशाच्या कायद्याने खटलाही होऊ शकेल, याची मला जाणीव आहे. त्या निवेदनाखाली सही अर्जदाराची असते. एजंटाची नसते. आम्ही अर्ज न देता परत फिरलो.

साडूंचा अर्ज मात्र आत गेलेला होता. निर्णय होण्यापूर्वी तो मागे घेण्याचे पत्र आम्ही तयार करत होतो, तोवर त्यांचे पासपोर्ट घरी आले. सोबत नकाराचा छापील नमुना होता. त्यात कारणांची यादी असते आणि लागू असलेल्या कारणासमोर खूण करतात. खूण होती ती मुक्कामाच्या हेतूबाबत दिलेली माहिती विश्वासार्ह नसल्याच्या कारणापुढे. आयुष्यभर बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, एका पैशाचा हिशेब न चुकवलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटले असेल, ते मी येथे लिहीत नाही. नकाराविरुद्ध अपील करता येते आणि त्याची माहिती त्याच कागदावर दिलेली असते. पण जायचेच नव्हते त्या देशाकडे कोणत्या तोंडाने अपील करायचे? नकाराची ही नोंद शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा प्रणालीत पाच वर्षे राहते. बोटांचे ठसेही त्याच प्रणालीत असतात, त्यामुळे पुढचा अर्ज दुसऱ्या देशाकडे केला म्हणून ती लपत नाही.

आम्ही दोघांनी नंतर ग्रीससाठी स्वतः वेळ शोधली. वेळा होत्या. अगदी मुबलक नव्हत्या, पण कोणी रद्द केलेल्या वेळा दिवसातून केव्हाही पुन्हा दिसू लागत. तोपर्यंत निघण्याची तारीख फार जवळ आली होती. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि गरज पडल्यास ४५ दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. इकडे क्रूझ रद्द करण्याचा आकार तारीख जवळ येईल तसा टप्प्याटप्प्याने वाढत होता, आणि साडूंना सोडून जाण्यात आम्हाला रस नव्हता. चौघांचेही आरक्षण रद्द केले. भरलेल्या रकमेपैकी निम्म्याहून कमी परत मिळाली.

ज्यांना येत्या हंगामात असे जायचे आहे, त्यांनी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो हे ध्यानात ठेवावे. घाई हेच या मंडळींचे भांडवल असते. एजंट नेमण्यात गैर काहीच नाही, अनेकजण चोख काम करतात. परंतु फाइल अपॉइंटमेंटच्या किमान काही दिवस आधी घरी मागवावी आणि पान न पान वाचावे. व्हिसाआधी विमानाचे पैसे भरून मोकळे होण्याची सक्ती नसते, तात्पुरते आरक्षण चालते. मात्र ते खरे असावे लागते, आणि खरे असेल तर त्याचा पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर उघडतो. हॉटेलला एक ईमेल केला की आरक्षण आहे की नाही ते कळते. विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी आणि मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारा लागतो. तो विमा कंपनीकडून स्वतः काढला तर पॉलिसी खरी आहे का, हा प्रश्नच उरत नाही. क्रूझच्या आरक्षणाची प्रत आणि बंदरांचा क्रम अर्जाला जोडावा आणि वाटेत शेंगेनबाहेरचे बंदर असेल तर एकाहून अधिक प्रवेशांची मागणी स्पष्टपणे करावी. ‘व्हिसाची गॅरंटी’ देणाऱ्याशी तर पुढचे बोलणेच नको; ती द्यायचा अधिकार वकिलातीखेरीज कोणालाही नाही.

आम्ही पोलिसांकडे फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३३६ चा उल्लेख करून लेखी तक्रार दिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात स्वतंत्र तक्रार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात ती करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क लागत नाही. कच्ची पावती, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे संवाद आणि आम्ही जपून ठेवलेले ते न दिलेले पाकीट हा आमचा पुरावा आहे. नोटीस मिळताच एजंटाने तुर्कस्तानच्या व्हिसाचे वीस हजार निमूटपणे परत पाठवले, ‘सद्भावनेने’ असा शेरा मारून.

आयोगापुढील लेखी उत्तरात त्याने एकच मुद्दा धरला आहे : व्हिसा देणे न देणे हा वकिलातीचा अधिकार आहे, त्याला एजंट जबाबदार नाही. हे विधान शंभर टक्के खरे आहे आणि म्हणूनच त्याआड लपणे सोपे जाते. आमच्या प्रत्युत्तरात आम्ही व्हिसा का मिळाला नाही हा प्रश्न उपस्थितच केलेला नाही. माझी सही कोणी केली, आम्ही कधीही न मागितलेली सहल कोणी लिहिली आणि नसलेल्या व्हिसाच्या आधारे तुर्कस्तानचा ई-व्हिसा कसा मंजूर झाला, एवढ्याच तीन प्रश्नांची उत्तरे मागितली आहेत. सहीची तपासणी हस्ताक्षरतज्ज्ञाकडून करावी असा अर्जही दिला आहे; त्यावर एजंटाच्या वकिलांनी म्हणणे मांडण्यासाठी मुदत घेतली आहे.