स्फोट झाला तर काय करायचं : तालुक्यातलं दोन दिवसाचं ट्रेनिंग, जावं का नाही?

५ पैकी साडेतीन स्टार. दीड काहून कापला ते खाली सांगतो.

आमच्याकडे लोकाईले वाटते का बॉम्ब-गिम्ब हे मुंबई-दिल्लीचं काम. पण १ मे २०१९ ले कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याले भूसुरुंग फुटला, १५ जवान आन् गाडीचा चालक गेले, ते आपल्या विदर्भातच ना? म्हणून गावातून नावं मागितली तवा मी दिलं.

शिकवणारे जबरी. भाषण कमी, सतरंजीवर लोळवणं जास्त. स्फोट झाला का आपण सगळे पाहायले धावतो, ते पहिलंच मना केलं, काहून का दुसरा बॉम्ब त्या गर्दीसाठीच ठेवलेला असू शकते. बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, जवळ उभं राहून मोबाईलबी नाही, लांब जाऊन ११२ लावा. आन् जखमी लय असले तर जो बोंबलून राह्यला तो नंतर, गपगार पडलेला आधी, बोंबलणाऱ्याचा श्वास तरी चालू आहे. हे मले कधी सुचलंच नसतं.

सगळ्यात भारी भाग रक्त थांबवायचा. आधी जोरात दाबून धरायचं, नाहीच थांबलं आन् जखम हातापायाची असली तर तिच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी बांधून काडी घालून पिळायची, वेळ लिहून ठेवायची आन् मग दवाखान्यातच सोडायची. आम्ही दुपट्ट्याची पट्टी केली, एकानं तुराटी घातली ते पहिल्याच पिळ्यात कडकन मोडली, मग ट्रॅक्टरचा पाना आणला तवा जमलं. पेशंट ओरडला म्हणून ढिली करू नका, सर म्हणे, घट्ट बसली का दुखतेच.

आता दीड स्टारचं. सगळा हिशोब शहराचा, ॲम्बुलन्स आली, पेशंट गेला, संपलं. आमच्या इकडून जिल्ह्याचा दवाखाना दीड तास, नाल्याले पूर असला तर तेही नाही, आन् रेंज पाह्यजे तर टेकडीवर चढा. फोन लागलाच नाही तर काय, विचारलं, तर म्हणे पुढच्या सत्रात घेऊ. ते सत्र काही आलं नाही. २००८ मधे २६/११ च्या हल्ल्याले एनएसजीच्या कमांडोयले दिल्लीकडून मुंबईत यायले सकाळ झाली, म्हणून २००९ मधे मुंबईत त्यायचं केंद्र केलं, हे यायनंच सांगितलं. मुंबईचं हे हाल तर आमच्या गावात पहिले दोन तास कोण? पिकअपवाला, आशाताई, पोलीस पाटील. पेशंट पिकअपमधे कसा झोपवायचा, रक्त कोण्या दवाखान्यात भेटते, हे शिकवा ना बावा! बॅचमधे आशाताई एकबी नव्हती, हातमोजे तर दोघात एक जोडी.

फी नाही, जेवण चांगलं. पुढची बॅच लागली का जा, पण पिकअपवाल्याले सोबत न्या, आन् रेंजचं पहिल्या दिवशी सकाळीच विचारा, जेवणानंतर सगळे घाईत राह्यतात.