पॅलेट की जुनं सागवान? सुतारकाम शिकण्यासाठी स्वस्त लाकूड बघताय तर

हत्यारं आली, आता लाकडावर फार खर्च नको असं असेल तर पुण्याकडे दोनच गोष्टी परवडतात, भोसरी-चाकणच्या भंगारवाल्यांकडची पॅलेटं (कारखान्यात ज्यावर माल रचतात ते लाकडी पाट) नाहीतर पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी चौकटी. प्लायचे तुकडे फुकटसुद्धा मिळतात, पण त्यावर रंधा शिकता येत नाही म्हणून ते सोडतो.

लाकूड म्हणून सागवानाला तोड नाही. वर्षानुवर्षं मुरलेलं, वाकायचं तेवढं वाकून झालेलं. फक्त चौकट घेताना दाराची खाच, बिजागरीचे खड्डे, कडीचं भोक हे सगळं मनात वजा करा, चार इंची दिसते त्यातलं सलग लाकूड बरंच कमी निघतं आणि विकणारा भाव सागवानाचाच लावतो, भंगाराचा नाही.

पण माझं मन उडालं ते खिळ्यांवरून. दिसणाऱ्या नाही, लपलेल्या. कुणीतरी कधीतरी तोरणासाठी ठोकलेला, डोकं मोडलेला, वरून लांबी (पुटी) आणि ऑइल पेंटचे थर. लोहचुंबक फिरवून घेतला तरी एखादा हुकतोच. रंधा छान चाललेला असतो, साल पातळ निघतीये आणि कर्रकन आवाज, पात्याला खाच. मग पातं काढा, दगडावर घासत बसा, परत बसवा, दोन हात मारले की दुसरा. वखारीत मशीनवर मारून द्या म्हणावं तर जुनं लाकूड बघून लांबूनच हात जोडतात. शिवाय सागवानात सिलिका असतं, धार तशीही लवकर जाते. आणि हो, तो जुना पेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

पॅलेटमध्ये खिळे कमी नसतात, पिळाचे असतात, कटावणी लावली की फळीचं टोक चिरतं. पण ते रांगेत असतात, कुठे आहेत ते दिसतं! फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून कापायचे, डोकं मागून ठोकून बाहेर. पॅलेटचं पाइनचं लाकूड मऊ आहे, नखाचाही वण उठतो, गाठी असतात, मान्य. पण चपलांचा स्टँड, कुंड्यांचं खोकं, भिंतीवरचं शेल्फ एवढ्याला पुरतं आणि बिघडलं तर जीव जळत नाही.

घेताना शिक्का बघा, ओंबीचं चित्र आणि बाजूला एचटी (HT) म्हणजे तापवून किडा मारलेला, एमबी (MB) असेल तर गॅस दिलेला, तो घरात नको. तेल सांडलेलं, वास येणारं पण नको. बिनशिक्क्याची जंगलवूडची (मिश्र जंगली लाकडाची) जड पॅलेटं स्वस्त पडतात पण नवख्याचा हात भरून येतो, पाइनचंच मागा.

चौरंग किंवा देव्हारा करायचा असेल तर अर्थात सागवानच, पण ते पात्याला धार लावायचा कंटाळा येईनासा झाल्यावर बघा. आणि पॅलेट आणायला पावसाळा टाळा, उघड्यावर भिजत पडलेली असतात, वाळता वाळता पिळतात.