वरच्या मजल्यावरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर : कानात बोळे की यंत्राखाली रबर?

वरच्या घरातील आजोबांना रात्रभर प्राणवायू लागतो; हवेतून तो वेगळा करून देणारे यंत्र, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, तिथे चालू असते आणि त्याच्या आवाजाने खाली आपली झोप मोडते. पण यंत्र बंद करा असे सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उरतात ते दोन उपाय, आपल्या कानात फोमचे बोळे घालणे किंवा त्यांच्या परवानगीने यंत्राखाली जाड रबरी चटई टाकणे.

बोळे स्वस्त असतात, कोणाला विचारावे लागत नाही आणि ते पिळून बारीक करून नीट बसवले, तर बोलण्याचे आवाज बरेच दबतात. मात्र यंत्रातल्या कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंपाची, खर्जातली घरघर त्यांना फारशी जुमानत नाही, शिवाय सकाळचा गजर आणि दाराची घंटाही ऐकू येईनाशी होते.

रबराचे तसे नाही. सुमारे पंधरा किलोचे हे यंत्र थेट फरशीवर उभे असले, की त्याची थरथर स्लॅबमधून आपल्या छतात उतरते आणि दर काही सेकंदांनी झडप उघडताना होणारा ‘फुस्स’ त्यात मिसळतो; रबर ही थरथर वाटेतच अडवते. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर सरकवल्यास आणखी फरक पडतो. ते गोधडीने झाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण हवा कोंडली की यंत्र तापते.

माझे मत रबराच्या बाजूने आहे, जरी त्यासाठी जिना चढून, शक्यतो दिवसा, वरच्या घरातल्या वहिनींशी दोन शब्द बोलावे लागतात. हवेतून येणारा ‘फुस्स’ राहिलाच, तर आपल्या खोलीतला पंखा एक आकडा वाढवावा, म्हणजे त्याच्या आवाजात तो बुडतो.