प्रामिपेक्सोल ते प्रिगॅबॅलिन: पायांची दोन वर्षं

रात्री पाय शिवशिवण्याच्या आजारावर, म्हणजे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमवर, प्रामिपेक्सोल ही गोळी मी १४ महिने घेतली. ती सोडायला ७ आठवडे लागले. प्रिगॅबॅलिन या नसांवरच्या दुसऱ्या औषधाला आता ९ महिने झाले, आणि मध्ये एकदा शिरेतून लोह घेतलं. माझं वय ५४, नाशिकला बँकेत कॅशियर आहे. एवढं सविस्तर लिहिते आहे, कारण जी गोळी मला पहिली झोप देऊन गेली तिनंच पुढे दुखणं वाढवलं, आणि हे असं होऊ शकतं याची मला कल्पनाच नव्हती.

त्रास समजावून सांगणं अवघड आहे. पाय दुखत नाहीत. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडापाशी, काहीतरी वळवळतं आणि पाय शिवशिवायला लागतात. झटकला की दोन क्षण बरं वाटतं. उठून चाललं की थांबतं, पडलं की पुन्हा सुरू. माझ्या आईला हेच होतं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ती दोन्ही पोटऱ्या आवळून बांधायची आणि मला पायांवर उभं राहायला सांगायची. घरातले म्हणायचे अशक्तपणा, डॉक्टर म्हणायचे वात. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम हे नाव तिच्या हयातीत आमच्या घरी पोचलंच नाही. वास्तविक थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६७२ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, आणि स्वीडनच्या कार्ल-अॅक्सल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आईची ती पट्टी आठवली की मला अजून वाईट वाटतं.

तर प्रामिपेक्सोल. सुरुवात ०.१२५ मिग्रॅने, झोपण्याआधी दोन तास. तिसऱ्या रात्री मी सलग सहा तास झोपले. सकाळी उठून ह्यांना सांगताना रडू आलं. पहिले दहा-बारा दिवस मळमळ होती. गोळी थोडं खाऊन घेतली की कमी व्हायची. दुपारी काउंटरवर डोळे मिटायचे. झोपेच्या बदल्यात हे काहीच नाही असं तेव्हा वाटलं.

सहाव्या महिन्यात डोस ०.२५ झाला. त्याच सुमारास मी रात्री मोबाइलवर साड्या मागवू लागले. दोन महिन्यांत २८ साड्या. माझ्यासारखी, आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे पै-पै मोजणारी बाई! कपाटात घडी न मोडलेले खोके लेकीने पाहिले आणि शांतपणे विचारलं, "आई, हे कधीपासून?" मी चिडले. गोळीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद तिनंच वाचला. या जातीच्या औषधांनी खरेदी, जुगार, खाणं यांवरचा ताबा सुटू शकतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्या डॉक्टरांनी एकाही भेटीत याबद्दल विचारलं नव्हतं. हे दुष्परिणाम आपले आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ही गोळी घेणाऱ्यांनी घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवावं.

याहून मोठं दुखणं दहाव्या महिन्यानंतर आलं. रात्री नऊला सुरू होणारी शिवशिव सातला येऊ लागली, मग दुपारी चारला. नोटा मोजताना टाचा खाली टेकेनात. पुढे ती दंडांत शिरली. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस ०.५ केला. दोन आठवडे छान गेले आणि नंतर आधीपेक्षा वाईट. याला ऑगमेंटेशन म्हणतात, म्हणजे औषधच आजार पेटवतं. लक्षणं लवकर सुरू होणं, शरीरात वर चढणं, बसल्यावर आधीपेक्षा पटकन येणं, या त्याच्या खुणा. अशा वेळी डोस वाढवणं म्हणजे तेल ओतणं. हे मला दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टांनी कागदावर आलेख काढून समजावलं. २०२५च्या जानेवारीत अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या नव्या मार्गदर्शनात प्रामिपेक्सोल आणि तिच्याच जातीची रोपिनिरोल सर्रास वापरू नयेत असं म्हटलं आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यांनी पहिल्याच भेटीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला लावलं. हिमोग्लोबिन १२.४, अगदी ठीक, म्हणून आधी कुणी पुढे गेलंच नव्हतं. फेरिटिन निघालं १८. इतरांना प्रयोगशाळेच्या कागदावर हा आकडा "नॉर्मल" दिसतो, पण या आजारात ७५ किंवा त्याखाली असला तरी लोह देतात. मेंदूत डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम नीट चालायला लोह लागतं. फेरस अॅस्कॉर्बेट ही लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास दूर, असं तीन महिने घेतलं. बद्धकोष्ठ झालं, शौच काळं होऊ लागलं (ते होतंच, घाबरू नये), आणि आकडा जेमतेम ३४वर गेला. मग फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं औषध शिरेतून, रुग्णालयात, देखरेखीखाली. फरक लगेच पडला नाही. पाचव्या आठवड्यात पडला.

गोळी सोडण्याचा काळ मात्र कठीण होता. दर दोन आठवड्यांनी ०.१२५ कमी, सोबत प्रिगॅबॅलिन सुरू. शेवटचा तुकडा बंद केल्यावर चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मी रजा टाकली होती. रात्री दोनला गच्चीवर फेऱ्या, मग गरम पाण्याच्या बादलीत पाय, मग पुन्हा फेऱ्या. हे सोबत जागे राहायचे, काही न बोलता. पाचव्या रात्री दोन तास झोप आली, सातव्या रात्री पाच. कुणीही स्वतःच्या मनाने एकदम गोळी बंद करू नये, हे हात जोडून सांगते. खरेदीची ओढ मात्र चौथ्या आठवड्यातच गेली होती, जणू कधी नव्हतीच.

प्रिगॅबॅलिन ७५ मिग्रॅ, रात्री आठला. तिनं पहिल्याच रात्री काम केलं नाही. मला दहा दिवस लागले. सकाळी डोकं गरगरायचं, म्हणून महिनाभर स्कूटी बंद आणि रिक्षाने बँक. मध्ये डोस १५० केला तेव्हा घोट्यांवर सूज आली आणि साधे शब्द आठवेनात, एका ग्राहकाला "पासबुक" म्हणताना अडले. पुन्हा ७५वर आलो. वजन चार किलो वाढलं आहे, भूक खरंच जास्त लागते. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना डोस कमी लागतो, आणि ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं.

आणखी एक, कारण मी यात दोनदा फसले. कोल्हापूरला लग्नात सर्दी झाली, दुकानातून साधी गोळी घेतली, आणि रात्रभर कार्यालयाच्या पडवीत चालत होते. त्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं. नंतर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं गेलं, तेव्हाही तेच. आता पर्समध्ये चिठ्ठी आहे: ही दोन, आणि विचारल्याशिवाय नैराश्यावरची अॅमिट्रिप्टिलिनही नको. संध्याकाळचा चहा सोडला. एसटीत वाटेकडेची जागा घेते आणि शब्दकोडं सोबत ठेवते. डोकं गुंतलं की पाय शांत राहतात, हे कसं ते ठाऊक नाही पण माझ्याबाबतीत दरवेळी खरं ठरलं आहे.

आज आठवड्यातून एखादी रात्र वाईट जाते. बाकीच्या सहा रात्री मी झोपते. मागच्या महिन्यात लेक, पाचवा महिना लागलेली, फोनवर म्हणाली की रात्री पाय कुठे ठेवावेत कळत नाही. गरोदरपणात हे वाढतं हे मला आता माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी तिचं फेरिटिन करून घेतलं. ११ आलं. तिच्या डॉक्टरांनी लोह सुरू केलं आहे, आणि बाकी कुठलीही गोळी नाही.